कडेपासून

आमच्या वडगावच्या गल्लीत लाईट गेली
की सगळे माग एकदम गप्प होतात
आणि शेजारणीचा खोकला ऐकू येतो.
अशाच एका दुपारी कातारीन दारात उभी होती,
नागरगाळीच्या पलीकडच्या रानातून आलेली,
दोन बस बदलून,
काखेत रिकामं पोतं:
"अक्का, चिंध्या हाईत?"

दिल्या. काठाच्या पट्ट्या, उसवलेली बुट्टी,
आणि एक वार निळं,
ज्यात माझ्या हातून धागा सुटला होता
आणि शेठनं त्या आठवड्याची मजुरी कापली होती.
ते मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं.

आम्ही वाकळ म्हणतो, ती कवंद म्हणते.
ती कोपऱ्यापासून सुरू करते,
कडेकडेनं जाते, वळते, पुन्हा कडेनं.
मध्य शेवटी येतो.
"मधून का नाही सुरू करत?"
"मधे कोण बसू देतंय पयल्यांदा?" म्हणाली,
दोरा दातानं तोडला.

बागेवाडी मॅडमनी तिला फोनवर एक चादर दाखवली.
अमेरिकेतली. निळी-पांढरी. दीडेकशे वर्षांची.
विकत आणलेल्या बाईनं मालकाच्या मागावर विणलेली.
खाली मालकाचं नाव होतं, गावाचं होतं, साल होतं.
विणणारी: अज्ञात.
कातारीननं पदरानं काच पुसली,
जवळ घेऊन बघितलं.
"अज्ञात म्हंजे कुठलं गाव?"

मॅडमनी सांगितलं. मग बराच वेळ
फक्त सुई चालली.
"माझ्या आज्जीच्या आज्जीला
गोव्याच्या बंदरात असंच दात बघून घेतलं होतं.
ती रातोरात घाट चढली.
रान लागलं म्हणून आमी हाय.
हिला रान लागलं नसंल."

चार महिने लागले.
त्यात सुनेचा परकर आहे, नवऱ्याची खाकी,
शाळेचा गणवेश, ज्याचं पोर आता हल्याळला ट्रॅक्टर चालवतं,
आणि माझं निळं. चुकलेला धागा
तिनं आत दडपला नाही, वरच्या अंगाला घेतला.
शेवटचा तुकडा मधोमध. त्याच्याखाली
मूठभर नाही, चारच दाणे तांदळाचे:
"पोट रिकामं नको तिचं."
आणि चारी कोपऱ्यांना फुला, घडी घालून केलेली
कापडाची फुलं. फुलांशिवाय कवंद नागडं.

टिळकवाडीच्या हॉलात ते भिंतीला टांगलं,
वरून दिवे सोडले.
पाटीवर कन्नड, खाली इंग्रजी;
मराठी मी मनातल्या मनात वाचली.
कातारीनच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
एक कोपरा मुडपला होता, तिनं हात पुढं केला.
"हात लावू नका, अक्का," राखणीचा पोरगा.
"मीच शिवलंय."
"तरी."

तो पोरगाही वाईट नव्हता. मॅडमची नजर चुकवून
त्यानंच मग कोपरा सरळ केला.
बाहेर पायरीवर ऊसाचा रस पिताना
ती एवढंच म्हणाली,
"थंडीत ह्येच्याखाली कुणी निजणार न्हाय, होय?"
मला उत्तर सुचलं नाही.
ग्लासात बर्फ होता, तो मी चावत बसले.

सोमवारी लाईट वेळेवर आली.
माझ्या साड्या घडी होऊन जातात,
त्यांना दूरच्या कुठल्या तरी पेठेचं लेबल लागतं,
आणि नेसणारीला वाटतं, तिथंच विणली.
हल्ली मी पदर संपतो तिथं,
घडीच्या आत,
एक आडवा धागा टाकते. निळा. एकच.
शेठनं दोनदा मेकॅनिक बोलावला.
त्याला वाटतं, मशीन बिघडलंय.